पुढच्या शिडाची चक्री

४ मार्च

चक्री पुन्हा अडकली. धक्क्याला बांधलेली असताना, वाऱ्याचा मागमूस नसताना. शीड निम्मं उघडलं आणि तिथेच बसलं. पुढे जाईना, मागे येईना. माझा धाकटा भाऊ छोट्या, बोटीच्या पुढच्या टोकाला नाळेवर पालथा पडून त्या चक्रीत तोंड खुपसून बसला होता. वरून त्याचं टक्कल चमकत होतं. चाळिशीला टेकला, तरी मला अजून तो टॉवेलमध्ये गुंडाळलेलाच दिसतो.

बोटीवर फिरायला येणाऱ्यांना मी नेहमी समजावून सांगते: नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत ही पोलादी तार. हिनेच डोलकाठीला पुढून धरून ठेवलंय. तारेवर ही नळी, नळीला शीड, नळीच्या पायाशी ही चक्री, शिडाच्या वरच्या टोकाला फिरती भिंगरी. चक्रीची दोरी ओढली की नळी स्वतःभोवती फिरते आणि शीड चटईसारखं गुंडाळलं जातं. लोक वा वा म्हणतात. छोट्या तेव्हा दुसरीकडे बघतो. म्हणतो, "ताई, किती वर्षं तेच तेच."

आज म्हणाला, "हिचं आता काही खरं नाही. नवी बसवू, नाहीतर बोटच काढून टाकू."

काढून टाकू! बाबांची बोट. आई गेल्यावर या बोटीवरच मी त्याला वाढवलं, पोहायला शिकवलं, ताप आला तर हिच्याच फळीवर मांडीवर घेऊन बसले. मी काही बोलले नाही. संध्याकाळपर्यंत अजिबातच काही बोलले नाही. शेवटी त्याने चहा करून समोर ठेवला. त्यावर साय धरेपर्यंत मी कपाकडे बघत राहिले आणि मग मोरीत ओतून दिला.

दुरुस्तच करायची, असं तो स्वतःहून म्हणाला. मी जबरदस्ती करत नाही कधी.

७ मार्च

चक्री उतरवली. स्क्रू पोलादाचे, खोबण अॅल्युमिनियमची, आणि मधे एवढ्या वर्षांचं मीठ. दोन्ही एकजीव झालेत. तापवून बघितलं, तेल सोडलं, ठोकलं. एक स्क्रू निघाला तेव्हा छोट्याच्या हाताचं सालपट त्याच्याबरोबर निघालं. आतले बेअरिंगचे छर्रे म्हणजे गंजलेले वाटाणे.

यात ग्रीस भरायचं की नाही यावरून वाद. बाबा भरायचे. छोट्या म्हणतो, ग्रीसला मीठ चिकटतं, नुसतं गोड्या पाण्याने धुवायचं. तो दुपारी बाहेर गेला तेव्हा मी दाबून ग्रीस भरलं.

८ मार्च

सकाळी उठून बघते तर सगळं ग्रीस पुसून, रॉकेलने धुऊन, छर्रे फडक्यावर वाळत घातलेले. एक शब्द बोलला नाही. हे हल्लीचं. पूर्वी भांडायचा तरी.

१२ मार्च

शिवणवाली येऊन गेली.

शिडाचं वरचं टोक उन्हाने कुजलं होतं, बोट लावलं की पिठासारखं. पलीकडच्या गावात शिडं शिवणारी एक बाई आहे, तिला छोट्याने बोलावलं. विधवा आहे. दंड पुरुषासारखे, आणि हसायला लागली की शिलाई मशीन सुरू झाल्यासारखं वाटतं. कुजलेला भाग कापून तिने जाड पट्टी शिवून दिली. काम स्वच्छ आहे, नाही म्हणत नाही.

जाताना मला म्हणाली, "ताई, शीड आता वीतभर बुटकं झालंय. वरच्या टोकाला तारेचा एक तुकडा जोडून घ्या. नाहीतर वरची भिंगरी खाली राहील, आणि शीड चढवायची दोरी नळीभोवती वेढे घेईल. चक्री अडकते ती त्यानेच. जोर लावलात तर तारच जाईल."

"आम्ही लहानपणापासून हेच करतोय," मी म्हटलं.

"हो, ते बोलले ना मला."

ते! चहा तिनेच केला, माझ्या स्वयंपाकघरात. मला विचारलं साखर किती. छोट्याला विचारलं नाही. त्याच्या कपात दीड चमचा घालून मोकळी झाली.

मी त्या दीड चमच्याकडे बघतच राहिले.

१८ मार्च

त्याने सांगितलं. सीझन संपला की लग्न करायचं आणि तिच्या गावी जायचं. वर्षभर चाललंय. शिडं शिवायला नेतो म्हणून जायचा, तेव्हा मला वाटायचं, किती ही शिडं फाटतात!

मी शांत होते. विचारलं, "आणि मी?"

"तू इथेच, ताई. मी येईन ना दर रविवारी."

"बोट?"

"एखादा माणूस ठेव."

"तिला माहितेय का, तू झोपेत बोलतोस? तुला रक्त बघून चक्कर येते? दहावीपर्यंत गादी ओली करायचास, ते सांगितलंस?"

तो हसला. खरंच हसला. म्हणाला, "सांगितलं."

एवढं तरी स्वतःपाशी ठेवायचं. माझ्या मालकीची गोष्ट होती ती.

मला दोन स्थळं आली होती. दुसरा तर बरा होता, बंदरात कारकून. म्हणाला, भावाला वसतिगृहात ठेवू. मी नाही म्हटलं. छोट्याला हे मी वर्षातून एकदा तरी सांगते, उपकार म्हणून नाही, माहीत असावं म्हणून. आजही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मी काय सांगितलं होतं का तुला?"

२३ मार्च

चक्री, नळी, शीड, सगळं परत चढवलं. फिरवून बघितलं, तीन-चार वेळा छान फिरली, मग वर कुठेतरी करकर करून अडकली. विंच लावून जोर केला तेव्हा गुंडाळली. विंच म्हणजे दोरी ओढायचं हातचाक. त्याच्यापुढे कसला आलाय अडथळा! छोट्या ओरडला, "विंच लावू नकोस!" पण तोवर झालं होतं काम.

मग बघायला वर गेला. त्याला पट्ट्याच्या झोळीत बसवून मी विंचने डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवलं. वरून म्हणाला, "दोरीचे वेढे बसलेत, ताई. तारेचे दोन पदर तुटलेत. तिसरा उसवतोय. उतरव मला."

तुटणारच. मोडकंच दिसणार त्याला. बोट मोडीत निघाली की पाय मोकळा. शिवणवालीनेच डोक्यात भरवलं असणार, वेढे काय आणि तुकडा काय.

मी दोरी खुंटीला अडकवली आणि धक्क्यावर जाऊन चहा पिऊन आले. वरच्या वाऱ्याने जरा डोकं थंड होईल म्हटलं. तो हाका मारत होता, पण सगळ्या धक्क्यासमोर ओरडून काय बोलायचं? परत आले तेव्हा गप्प झाला होता. खाली उतरवलं तर मांड्यांत पट्टे रुतून पाय बधिर. उभा राहता येईना. धरून बसवलं, पाय चोळून दिले. पाय चोळताना मात्र लहानपणीसारखा गुपचूप बसून राहिला. मला बरं वाटलं.

२४ मार्च

दुर्बीण लावून बघितलं. भिंगरीच्या खाली काहीतरी चमकतंय खरं, मिशीच्या केसासारखं बाहेर आलेलं. उन्हात काय, काहीही चमकतं.

२९ मार्च

छोट्याने चक्रीला लाल पट्टी गुंडाळून वर पाटी लावली: शीड उघडू नये. माझ्या बोटीवर मलाच पाटी.

पहिली मंडळी सहा तारखेला येणार आहेत. त्याआधी एकदा बाहेर नेऊन आणायला हवं. डोलकाठीच्या तारा बघणाऱ्या तारवाल्याला निरोप पाठवलाय. तोही कसला येतोय!

२ एप्रिल

तारवाला येऊन तार बघून गेला, असं छोट्याला सांगितलं.

येणारच होता तो, आला नाही यात माझा काय दोष? आणि आला असता तर हेच म्हणाला असता, वर्ष-दोन वर्षं काही होत नाही. छोट्याने तीन-तीनदा विचारलं. "स्वतः वर चढला होता?" हो म्हटलं. "आणि तो तुकडा?" पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला, तोवर हलक्या वाऱ्यात चालवा. छोट्याने सुस्कारा सोडला. "मग ठीक आहे." त्याचा माझ्यावर केवढा विश्वास आहे, ते अशा वेळी कळतं. शिवणवालीला काय कळणार ते!

उद्या तीही येतेय बोटीवर. छोट्याने बोलावलंय. येऊ दे.

४ एप्रिल

हॉस्पिटलात आहे. तो आत आहे.

७ एप्रिल

आता लिहिते. पोलिसांनाही हेच सांगितलं.

वारा चांगला होता. हलका नव्हता, पण चांगला. सुकाणूवर शिवणवाली बसली होती. छोट्यानेच बसवलं तिला. इतक्या वर्षांत मी सोडून कोणी बसलं नव्हतं तिथे. पुढचं शीड उघडलं, सुरेख उघडलं. छोट्या नाळेवर उभा राहून तिच्याकडे बघून हसत होता. माझ्याकडे नाही.

खाडीच्या तोंडाशी वारा वाढला. मी म्हटलं, शीड थोडं गुंडाळून घेऊ. चक्रीची दोरी ओढली. दोन फेरे आले आणि अडकलं. मी दोरी विंचवर घेतली.

छोट्या नाळेवरून ओरडला, "ताई, नको! सोड! वर वेढा बसलाय!"

शिवणवाली म्हणाली, "ताई, थांबा, ते थांबा म्हणतायत."

मला म्हणते थांबा. माझ्या बोटीवर, माझ्या भावाच्या वतीने! मी विंचची दांडी आणखी एकदा फिरवली. आणि आणखी एकदा. दांडी सोडायची नाही, एवढंच तेव्हा मला वाटत होतं. छोट्या डेकवरून धावत आला. एवढ्या वेगाने धावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. सरळ येऊन त्याने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी बाकाखाली पडले. मग वर बंदुकीसारखा आवाज झाला आणि डोलकाठी मागे आली, मी जिथे बसले होते तिथे.

तो तिथेच वाकलेला होता.

शिवणवालीने इंजिन चालू केलं, दोऱ्या कापल्या, बोट धक्क्याला आणली. रडली नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तो शुद्धीवर होता. "पाय कुठे आहेत?" असं विचारत होता. मी म्हटलं, "आहेत रे, इथेच आहेत."

माझा खांदा अजून दुखतोय. सांगायची पद्धत असते. इतक्या जोराने ढकलायची काय गरज होती?

१९ एप्रिल

मोठे डॉक्टर म्हणाले, कमरेखाली काही परत येणार नाही. चार फासळ्या गेल्या, त्या भरून येतील. आवाज बरेच दिवस घोगरा राहील, ओरडता येणार नाही. मी विचारलं, "घरी नेता येईल ना?" ते म्हणाले, "चोवीस तास करणारं कोणी हवं." मी म्हटलं, "आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुमच्यासारखी बहीण सगळ्यांना नसते."

शिवणवाली बाहेरच्या बाकावर असते. रोजच असते. नर्सला मी सांगून ठेवलंय, घरच्या माणसांशिवाय कोणाला सोडायचं नाही. तिला हे जरा समजावून सांगावं लागलं. "त्याला कोणाला भेटायची इच्छा नाही," म्हटलं. "तुम्ही सुकाणूवर होतात, हे त्याच्या मनातून जात नाही." हे मी असंच बोलून गेले. तिचा चेहरा असा झाला की मलाच क्षणभर वाईट वाटलं. ती म्हणाली, "त्यांनी असं म्हटलं?" मी काही बोलले नाही. काही बोलले नाही म्हणजे खोटंही बोलले नाही.

छोट्याला सांगितलं, ती गावी गेली. "लोक असेच असतात, छोट्या. माझ्यासारखं कोण राहणार?"



९ मे

घरी आणला. मागच्या खोलीत ठेवलंय, तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. त्याचा फोन कपाटात ठेवला, वाजला की तो दचकतो. बाबांची खुर्ची तिकडे नेली, मी तिथेच बसते. सकाळी पुसून काढते, कपडे बदलते, कूस बदलते, दाढी करते. दाढी करताना तो डोळे मिटून घेतो. टक्कल असलं तरी बाजूचे केस मऊ आहेत, आईसारखे.

कितीतरी वर्षांनी मला दुपारची झोप लागते.

२६ मे

बोटीवरून ती जुनी चक्री, भिंगरी, छर्रे, सगळं घरी आणलं. ट्रेमध्ये घालून त्याच्या मांडीवर ठेवलं. "हात तर चांगले आहेत तुझे," म्हटलं. "साफ कर. नवी डोलकाठी उभी केली की हीच बसवू. मी माणूस ठेवते, तू इथून सांग काय करायचं ते."

त्याने ट्रेकडे बघितलं. मग माझ्याकडे. घोगऱ्या आवाजात विचारलं, "ताई, तारवाला कधी आला होता?"

"कधी म्हणजे? तेव्हाच आला होता."

"तो परवा फोनवर बोलत होता तुझ्याशी. दार उघडं होतं. यायचं राहून गेलं म्हणून रडत होता."

माणसांना किती बोलायची सवय असते! मी म्हटलं, "औषधांनी भास होतात तुला." आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दार लावूनच ठेवते. डास येतात.

काम मात्र करतोय. दिवसभर एकेक छर्रा व्हिनेगरमध्ये बुडवून घासतो. हे बरं झालं. माणसाला काम हवं.

१४ जून

आज दुपारी दाराची घंटा वाजली. शिवणवाली. वाळली आहे खूप. हातात काही नाही, नुसतीच आली होती.

"ताई, मला एकदा फक्त त्यांच्या तोंडून ऐकू द्या. नको म्हणू देत. मी जाईन."

मी उंबऱ्यातच उभी होते. म्हटलं, "झोपलाय तो."

तेवढ्यात आतून आवाज यायला लागला. ठण. ठण. ठण. छोट्याने आवाज ओळखला असणार तिचा. ओरडता येत नाही ना त्याला. चक्री घेऊन पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटत होता. ठण. ठण. सगळं घर वाजायला लागलं.

ती म्हणाली, "काय चाललंय आत?"

"दुरुस्ती," मी म्हटलं. "माणूस लावलाय. जुना स्क्रू निघत नाहीये."

ती ऐकत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. आत तो आपटत होता, आधी जोरजोरात, मग थांबून थांबून, दमल्यासारखा. ती हळूच म्हणाली, "इतक्या जोराने ठोकलं तर फुटेल ते. सांगा त्यांना." आणि पायऱ्या उतरून गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत ठण ठण चालूच होतं. मग मी दार लावलं.

आत गेले. चक्रीचा काठ फुटला होता. त्याच्या हाताला रक्त. चक्कर आली नाही त्याला, रक्ताकडे नुसता बघत होता. मी हात धुऊन पट्टी बांधली. "कोण आलं होतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मीटर बघणारा."

तो खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी नजर वळवली नाही. मी त्याच्याशी कधी वाकडी वागले नाही, मग का वळवू? त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता रडेल. रडला नाही. मी जेवण भरवायला बसले तर सगळं जेवला. एरवी दोन घासांवर तोंड फिरवतो. आज ताट स्वच्छ.

मी तोंड पुसत असताना त्याने पट्टी बांधलेल्या हाताने माझं मनगट धरलं. अपघातानंतर पहिल्यांदाच आपणहून हात लावला त्याने.

"ताई, तू खूप वर्षं जग," म्हणाला.

"चल, काहीतरीच."

"खरंच. खूप वर्षं. मी गेल्यावरसुद्धा. या घरात, अशीच. शंभर वर्षं जग."

मी पदराने डोळे टिपले आणि ट्रे उचलून बाहेर आले. फुटलेली चक्री तशीच ठेवलीय, बघू, वेल्डिंग होतं का ते. आता स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. आई गेली, बाबा गेले, एवढं आयुष्य गेलं. माझ्यासाठी असं काही आजवर कोणी मागितलं नव्हतं.